मशीनचे 12 तास आणि उरलेले 156

महिनाभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: डायलिसिसचं सगळं काम मशीन करतं, सुया टेक्निशियन टोचतात, निर्णय डॉक्टर घेतात. वरची इन्चार्ज सिस्टर नुसतं वेळापत्रक लिहिते आणि पाणी पिण्यावरून पेशंटना ओरडते. तिचं पद काढा आणि वाचलेल्या पगारात आणखी एक मशीन घ्या.

मी मुंबईतल्या एका युनिटमध्ये चौदा वर्षं याच पदावर होते. लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. मशीन कमी पडतात, माणसं ताटकळतात, घरच्यांचे हाल होतात. पण हे खरं मानून कुणी उद्या पद रद्द केलं, तर त्याची किंमत पेशंट मोजतील. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

‘सगळं काम मशीन करतं.’ आठवड्याला तीन वेळा, दर वेळी चार तास. म्हणजे 168 तासांतले 12 तास माणूस मशीनवर असतो. उरलेले 156 तास तो बदलापूरच्या घरात असतो, लोकलच्या गर्दीत असतो, भाचीच्या लग्नात असतो. त्यातलं मशीनला काहीच माहीत नसतं. आणि त्या 12 तासांतही आपण जेवढा आकडा घालू तेवढंच पाणी ते काढतं. तो आकडा येतो आजच्या वजनातून ड्राय वेट वजा करून. ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना भरणारं वजन.

सगळी गोम या ड्राय वेटमध्ये आहे. आमच्याकडे भायखळ्याचे एक काका यायचे. ड्राय वेट 58 किलो. मधे टायफॉइड झाला, जेवण तुटलं. तरी महिनाभर दर वेळी ते बरोबर 58 वर उतरत होते. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. एका सकाळी पाहिलं तर सदरा खांद्यावरून लोंबत होता आणि चपलेचा पट्टा मात्र पायात रुतला होता. विचारलं, “काका, रात्री झोप लागते का?” म्हणाले, “दोन उशा घेतल्या तर लागते सिस्टर, आडवं पडलं की दम लागतो.” अंगावरचं मांस गेलं होतं आणि तेवढीच जागा पाण्याने घेतली होती. वजनकाट्याला मांस आणि पाणी सारखंच. डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावलं, पुढच्या काही वेळांत थोडं थोडं करून ड्राय वेट 55 वर आणलं, तेव्हा काका एका उशीवर झोपायला लागले. त्या महिन्यात मशीन एकदाही बिघडलं नव्हतं.

मशीनला लागणाऱ्या पाण्याचंही तेच. मिनिटाला 500 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत एका पेशंटच्या रक्ताला पातळ पडद्याआडून 120 लिटर पाणी लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन किंवा क्लोरामाइन आपल्या पोटाला चालतं, रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बन टाकीनंतरच्या पाण्याची तपासणी दर पाळीआधी झाली पाहिजे. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात टँकरने आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं. त्यातल्या शेवाळाच्या विषाने पन्नासच्या आसपास माणसं गेली. मे महिन्यात मुंबईत कुठे कुठे टँकर येतात ते आपण सगळे पाहतो. तपासणीच्या वहीत सही नसेल तर पहिली पाळी थांबवण्याचा अधिकार कुणाकडे तरी असावा लागतो. बाहेर नातेवाईक ओरडत असताना तो वापरणं सोपं नसतं.

‘सुया टेक्निशियन टोचतात.’ टोचतात, आणि उत्तम टोचतात. त्यांच्या हाताला मी कायम मानलंय. पण फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातातली रोहिणी आणि नीला ऑपरेशनने जोडून तयार केलेली जाड शीर, सुईपाशी सुरू होत नाही. ऑपरेशननंतर तो पिकायला, म्हणजे सुई टोचण्याइतका मजबूत व्हायला, कित्येक आठवडे लागतात. ऑपरेशनपासून पुढे त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही, त्यावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. रोज सकाळी बोट ठेवून आतली थरथर पाहायची. थरथर लागली नाही तर दुपारपर्यंतही न थांबता फोन करायचा. हे बायकोला, सुनेला, कधी शेजाऱ्याला बसवून शिकवावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. नव्या फिस्टुलात पहिल्यांदा सुई कुणी घालायची, हेही ठरवून द्यावं लागतं.

‘पाण्यावरून ओरडते.’ हो, आवाज चढतो. माझाही चढला आहे, आणि काही जणांशी मी जास्तच कडक बोलले याचं मला वाईट वाटतं. पण हिशेब ऐका. तासाला वजनाच्या किलोमागे 13 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढणं हृदयाला धोक्याचं. 60 किलोच्या माणसाचं चार तासांत साधारण 3.1 लिटर होतं. तो साडेचार किलो वाढवून आला आणि सगळं एका बैठकीत ओढलं, तर बीपी पडतं, पोटऱ्यांत पेटके येतात, माणूस घामाने निथळतो. मग जादा बैठक द्यायची, ती बसवायची कुठे?

आणि प्रश्न एकट्या पाण्याचा नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवसाची मला दर वर्षी धास्ती असायची. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी, खजूर, वर शहाळं: उपासाचं ताट म्हणजे पोटॅशियमचं ताट. हे मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या हृदयाचा ठेका बिघडवू शकतं. उपास सोडा म्हटलं तर आमच्या मावश्या ऐकत नाहीत, आणि का ऐकावं? म्हणून आठवडाभर आधी एकेकीशी बोलायचं. भगर घ्या, दाण्याचं कूट नको. बटाटा खायचाच तर सालं काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून मगच, आणि तोही दोन घास. डॉक्टरांच्या फाइलमध्ये एकादशीची नोंद नसते.

‘वेळापत्रक लिहिते.’ हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, असलेल्या पेशंटला वेगळं मशीन लागतं, कारण तो विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही आठवडाभर टिकतो. त्यामुळे ‘आज माझी पाळी ह्यांच्याशी बदला’ ही साधी वाटणारी विनंती साधी नसते. विरारच्या माणसाला सातची पाळी दिली तर तो किती वाजता निघेल, रोजंदारीवर जाणाऱ्याला कुठली पाळी दिली तर त्याचा दिवस बुडणार नाही, हेही त्या तक्त्यात असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या आठवणीने मी एक नियम केला होता: मोठ्या पावसाचा इशारा आला की दुसऱ्या दिवशीच्या यादीतल्या लांबच्या पेशंटना आदल्या दिवशीच फोन करून बोलवायचं आणि जवळच्यांना पुढे ढकलायचं. दोन बैठकींमधलं अंतर वाढलं की आधी पोटॅशियम आणि पाणी वाढतं. रुळांवरचं पाणी ओसरायची वाट ते पाहत नाही.

राहिलं नवं मशीन. जरूर घ्या, त्याची गरज आहे. तीन पाळ्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार धरले, तर त्यावर सहा जण बसतील. त्या सहा जणांचे काविळीचे रिपोर्ट पहिल्या सुईआधी बघावे लागतील, हिपॅटायटिस बीच्या दुप्पट मात्रेच्या लशीचे डोस लावून द्यावे लागतील, महात्मा फुले योजनेचे कागद पुरे करावे लागतील, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचं का हे घरच्यांशी बोलावं लागेल. आणि रात्री थरथर थांबली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर सहा घरांत लिहून द्यावा लागेल.