डॅट काढून घरी ठेवा म्हणे!

मासेमारीचा नवा सीझन लागल्यापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे सरकारने समुद्रातल्या बचाव सेवेचा आढावा घेतला आणि ठरलं की एक, हेलिकॉप्टरं खाजगी कंपनीला देणार, दोन, वाचवायला आले की तासाचं बिल बोटमालकाच्या नावावर, तीन, डॅटचं (संकटात उपग्रहावरून मदत मागायचं बोटीवरचं यंत्र) बटण दाबलं की लायसन रद्द, म्हणून डॅट बंद ठेवा, आणि चार, कोस्ट गार्ड तसंही मोठ्या जहाजांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. खाली एका हेलिकॉप्टरचा फोटो, हात जोडलेले इमोजी आणि 'सर्व बोटवाल्यांना पाठवा'. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हा मला पाठवला माझ्या भावोजींनी, जे स्वतः हर्णैला तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान आहेत, आणि वर लिहिलंय, 'आता यंत्र काढून घरीच ठेवतो, कशाला डोक्याला ताप'. मग गप्प कसं बसायचं?

आधी आढाव्याचं. समुद्रातल्या शोध आणि बचाव कामासाठी २००२ पासून एक राष्ट्रीय बोर्ड आहे, कोस्ट गार्डचे महासंचालक त्याचे अध्यक्ष, नौदल, हवाई दल, इस्रो, किनारी राज्यं असे सगळे त्यात असतात आणि ते दरवर्षी बसून आढावा घेतात. त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही.

खाजगी कंपनीची गोष्ट कुठून आली ते फोटोवरच कळतं, हेलिकॉप्टरवर 'एचएम कोस्टगार्ड' असं धडधडीत लिहिलंय, म्हणजे ते ब्रिटनचं. तिथे हवाई दल आणि नौदल हे काम करायचं (राजपुत्र विल्यमसुद्धा तिथे बचावाचं हेलिकॉप्टर उडवायचा), मग सरकारने २०१३ साली ब्रिस्टो नावाच्या कंपनीला कंत्राट दिलं आणि २०१५ पासून ती कंपनी ते काम करायला लागली. आणि गंमत म्हणजे तिथेसुद्धा वाचवलेल्या माणसाला बिल येत नाही! दुसऱ्याच्या देशातली अर्धी बातमी उचलायची, बाकी अर्धी खिशात ठेवायची.

बिलाबद्दल एवढंच की जीव वाचवायचे पैसे कोस्ट गार्ड घेत नाही. इंजिन बंद पडलं, हवा शांत आहे, आणि तुम्ही खाजगी टग बोलावून बोट ओढून आणलीत तर टगवाला पैसे घेणारच, तो काय मामा लागतो का आपला. ती दोन वेगळी कामं आहेत.

आता डॅट. हा मुद्दा वाचून माझं डोकं खरंच फिरलं, कारण बाकी तीन मुद्द्यांनी माणूस फक्त चिडेल, ह्याने मरेल. बंदर मागे पडलं की थोड्या वेळात मोबाईलची रेंज जाते हे मी बोटवाल्यांना काय सांगायचं. १५५४ हा कोस्ट गार्डचा नंबर फुकट आहे, पण रेंजच नसेल तर लावणार कुठून? वायरलेस आजूबाजूच्या बोटींपर्यंत जातो. डॅटचा सिग्नल सरळ उपग्रहावर जातो, तिथून बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात, आणि तिथून कोस्ट गार्डच्या बचाव केंद्राकडे, आपल्या बाजूला ते मुंबईला. कुठली बोट, कुठे आहे, बुडतेय की आग लागलीय की कोणी आजारी आहे, हे त्यातच जातं. कोणाशी हिंदीत बोलत बसायला लागत नाही.

ह्याच्यावर बोटवाल्यांचा जुना राग आहे आणि तो मला समजतो. बटण दाबायचं आणि पलीकडे कोणी ऐकलं की नाही हे कळायचंच नाही. म्हणून तर ते यंत्र बऱ्याच बोटींवर केबिनमध्ये खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेलं असतं, त्यावर डिझेलचा थर, आणि वर खलाशाचा ओला शर्ट वाळत घातलेला. अरे त्याला आकाश दिसायला पाहिजे! पण इस्रोने जानेवारी २०२४ मध्ये नव्या डॅटची माहिती दिली, त्यात 'तुमचा संदेश मिळाला' असं उलट उत्तर बोटीवर येतं. म्हणजे ज्या गोष्टीवरून सगळे ओरडत होते तीच सुधारलीय, आणि नेमकं आत्ताच कोणीतरी सांगतंय बंद ठेवा.

आणि लायसन? आपलं लायसन १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली येतं. ते अडचणीत येतं बंदीच्या दिवसांत जाळं टाकल्यावर, नको तिथे नको ती मासेमारी केल्यावर. बुडताना मदत मागितली हा गुन्हा त्यात कुठेही नाही.

चौथा मुद्दा तर कायदाच खोटा ठरवतो. कोस्ट गार्ड अॅक्ट १९७८, कलम १४, कामांची यादी आहे, त्यात मच्छीमारांना संरक्षण आणि संकटात सापडल्यावर समुद्रात मदत असं स्पष्ट लिहिलंय. मच्छीमारांचं नाव घेऊन. अजून काय पाहिजे?

एक गोष्ट मात्र कबूल करायला लागेल, मनात नसलं तरी. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं, तिघे गेले, आणि त्यानंतर ध्रुव बरेच महिने जमिनीवर होते. त्याच्या आधी सप्टेंबर २०२४ मध्ये एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला निघालेलं ध्रुव समुद्रात पडलं, त्यातही तिघे गेले. डॉर्निअर विमान वरून शोधतं, तराफा टाकतं, पण पाण्यातला माणूस उचलू शकत नाही. तेव्हा 'हेलिकॉप्टर कमी आहेत' अशी ओरड असेल तर ती खोटी नाही. पण मग तेच विचारा ना. मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, की आपल्या पट्ट्यात रात्रीचं हेलिकॉप्टर कुठून येणार, किती वेळात येणार, आणि नवे डॅट आपल्या बंदरातल्या बोटींना कधी मिळणार. उत्तर लेखी मागा, आणि ते आलं की तेही ग्रुपवर टाका.