‘रिमूव्ह मिरर दाबा, डेटा कुठे जातोय?’ अहो, जातो!

काल रात्री मावसभावाचा फोन. “दादा, त्या दोन डिस्क वेगळ्या करतोय. रिमूव्ह मिरर दाबू ना?” मी ओरडलोच, आधी माउसवरचा हात काढ. ज्या पोस्टवर विसंबून साहेब हे करायला निघाले होते, ती गेल्या आठवड्यात मला आणखी दोघांनी पाठवली होती. तेव्हा दुर्लक्ष केलं, चुकलंच.

पोस्ट म्हणते ते थोडक्यात असं: मिरर केलेल्या, म्हणजे रेड 1 मधल्या, दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, त्यामुळे मिरर कसाही मोडा, दोन्हीकडे डेटा राहतोच. विंडोजमध्ये ‘रिमूव्ह मिरर’ दाबा, मग डिस्क डायनॅमिकची (विंडोजमध्ये मिररला लागणारा प्रकार) बेसिक (साधी) करा. लिनक्सवाल्यांनी सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कवर ठेवलेली रेडची नोंद, पुसून टाकावा. बॅकअप कशाला, मिरर हाच बॅकअप. आणि शेवटी जागा दुप्पट!

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि तेवढ्यानेच लोक फसतात. रेड 1 मध्ये प्रत्येक डिस्कवर पूर्ण प्रत असते हे मान्य. रेड 5 सारखे वेगवेगळ्या डिस्कवर वाटलेले तुकडे नसतात. पण प्रत असणं वेगळं आणि मोडताना ती शिल्लक राहणं वेगळं.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिरर्ड व्हॉल्यूमवर (मिरर केलेल्या ड्राइव्हवर) राइट क्लिक केलं की दोन पर्याय जवळजवळ दिसतात: ‘ब्रेक मिरर्ड व्हॉल्यूम’ आणि ‘रिमूव्ह मिरर’. पोस्ट लिहिणाऱ्याला हे दोन्ही एकच वाटतात. नाहीत! ब्रेक केलं की दोन स्वतंत्र सिंपल व्हॉल्यूम होतात, दोन्हींत डेटा तसाच, फक्त एकाला नवीन ड्राइव्ह लेटर मिळतं. रिमूव्ह केलं की तुम्ही निवडलेल्या डिस्कवरची प्रत उडते आणि तिथे अनअलोकेटेड, म्हणजे नुसती रिकामी, जागा उरते. हे माझं मत नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की काढलेल्या मिररमधला सगळा डेटा डिलीट होतो. आता समजा दोनपैकी एक डिस्क आधीच कुरकुरतेय, आणि तुम्ही चुकून धडधाकट डिस्कवरचा मिरर काढलात. हातात काय उरलं? मावसभावाच्या एका डिस्कसमोर ‘एरर्स’ असं लिहून आलेलं होतं. “ते नेहमीच येतं,” म्हणे.

म्हणून मोडण्याआधी स्थिती ‘हेल्दी’ आहे का ते बघायचं. ‘फेल्ड रिडंडन्सी’ किंवा ‘रीसिंकिंग’ दिसत असेल तर एका डिस्कवर जुना किंवा अर्धवट डेटा असू शकतो. तेव्हा काहीच मोडायचं नाही.

डायनॅमिकची बेसिक करा, हा सल्ला तर आणखी कहर. डिस्क मॅनेजमेंटमधून ते करायचं तर त्या डिस्कवर एकही व्हॉल्यूम असून चालत नाही, म्हणजे आधी सगळं डिलीट. बेसिक हवीच असेल तर ब्रेक करा, दोन्हीकडच्या फायली उघडून बघा, मग एकच डिस्क रिकामी करून बेसिक करा, फॉरमॅट करा, डेटा तिच्यावर कॉपी करा, तपासा. नंतर दुसरी. आणि या मधल्या काळात तिसरीकडे एक प्रत हवी, कारण पहिली डिस्क रिकामी असताना तुमचा सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो.

लिनक्सचं थोडक्यात. सुपरब्लॉक पुसून डिस्क सरळ माउंट होते (वापरता येते), हे त्या नोंदीच्या, म्हणजे मेटाडेटाच्या, 0.90 किंवा 1.0 आवृत्तीला लागू, कारण तिथे सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटी असतो. एमडीएडीएम, म्हणजे लिनक्समधलं रेडचं साधन, आता वेगळं काही सांगितलं नाही तर 1.2 वापरतं, त्यात सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून 4 केबीवर असतो आणि फाइल सिस्टिम त्याच्याही पुढे, डेटा ऑफसेटपासून (डेटा जिथून सुरू होतो त्या अंतरापासून) सुरू होते. सुपरब्लॉकची ती खूण पुसलीत की डेटा जागेवर असूनही सापडत नाही. आधी एमडीएडीएमच्या ‘एक्झॅमिन’ पर्यायाने आवृत्ती आणि ऑफसेट बघून लिहून ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे काहीच पुसू नका: एक डिस्क ‘फेल’ अशी खूण करून काढा आणि उरलेला अ‍ॅरे (रेडमधल्या डिस्कांचा संच) एकाच डिस्कचा करून तसाच चालू द्या.

मिरर म्हणजे बॅकअप? चुकून डिलीट केलेली फाइल मिररमधूनही त्याच क्षणी डिलीट होते. यावर आणखी काय बोलायचं.

आणि ती दुप्पट जागा. ब्रेक केल्यावर दोन डिस्क दिसतात खऱ्या, पण दोन्हींत तेच सामान भरलेलं. एकीवरचं पुसलं तरच जागा मोकळी होते, आणि मग प्रत एकच उरते. हे सांगितल्यावर मावसभाऊ जरा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, “मग मी हे करतोय कशाला?” आज मिरर तसाच आहे. तिसऱ्या डिस्कवर कॉपी चालू आहे.