परवाना गेला, प्रश्न राहिला

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने सरकारी अनुदान सोडावं आणि जाहिरातींवर जगावं, हे एका लेखात मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. 'आमची माती आमची माणसं'सारखा शेतीचा कार्यक्रम जाहिरातदाराच्या हिशेबात कधी बसणार? जाहिरातदार बघतो गिऱ्हाईक. हवामान, कीड, बियाणं याची माहिती ज्याला लागते, तो त्याचं गिऱ्हाईक असेलच असं नाही.

पण आताची पद्धतही मला मान्य नाही. १९९० च्या कायद्याने स्वायत्तता दिली, तो अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि पगाराचा पैसा आजही केंद्राच्या अर्थसंकल्पातूनच येतो. ज्याच्याकडे दरवर्षी हात पसरायचा, त्याच्याच बातम्या निर्भीडपणे कशा देणार?

पूर्वी रेडिओ ऐकायला परवाना लागायचा; आमच्या घरी त्याचं पुस्तक होतं. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून यायचे. ती पद्धत जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणत नाही. गरिबावर तो बोजाच होईल. पण जर्मनीत बघा. तिथे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घराघरातून वर्गणी घेतात, आणि किती पैसा लागेल याची शिफारस स्वतंत्र आयोग करतो. एका राज्याने या वर्गणीतली ८६ सेंटची वाढ अडवली, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती लागू करून घरटी महिना १८.३६ युरो ठरवले.

आपल्याकडे निदान पाच वर्षांची रक्कम संसदेने एकदम मंजूर करावी, आणि मधे कुठल्याही मंत्रालयाला तिला हात लावता येऊ नये. डीडी फ्री डिश या मोफत डिश सेवेवर खासगी वाहिन्यांना जागा देण्यासाठी होणाऱ्या लिलावातून येणारा पैसाही प्रादेशिक केंद्रांना मिळायला हवा.