‘व्हेन अदर्स’ लावून एरर जात नाही, फक्त दिसेनाशी होते

‘पोस्टग्रेसचं फंक्शन फुटू नये म्हणून प्रत्येकाच्या शेवटी एक्सेप्शन व्हेन अदर्स देन रिटर्न नल लिहा. स्टोअर्ड फंक्शन तसंही डीबग करता येत नाही. क्रिएट फंक्शन झालं म्हणजे कोड बरोबर.’ म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवलेल्या फंक्शनमध्ये कुठलीही एरर आली की ती पकडायची आणि ‘नल’, म्हणजे रिकामी किंमत, परत करायची. हा सल्ला फिरत फिरत टीममधल्या नव्या पोरांपर्यंत पोचलाय आणि ती तो मुकाट्याने कोडमध्ये उतरवतायत. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. एरर पकडली की त्या ब्लॉकने (बिगिन ते एन्डमधल्या कोडने) डेटाबेसमध्ये केलेले बदल रोलबॅक होतात, म्हणजे मागे घेतले जातात. व्हेरिएबल्स मात्र होती तशीच राहतात. समजा पावती इन्सर्ट झाली, शिल्लक अपडेट झाली आणि तिसऱ्या ओळीत शून्याने भागाकार झाला. पावती गेली, शिल्लक पूर्ववत झाली, कॉल करणाऱ्याला मिळाला नल. तो कमिट करून, म्हणजे व्यवहार पक्का करून, मोकळा, आणि सर्व्हर लॉगमध्ये एरर नाहीच! कॉलमचं नाव चुकलं, म्हणजे ४२७०३ या कोडची एरर आली, तरी हेच. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये रोलबॅकचं हे उदाहरणासकट दिलंय. एक्सेप्शनवाला ब्लॉक साध्यापेक्षा बराच महाग पडतो, गरज नसताना वापरू नका, हेही तिथेच लिहिलंय. निदान तेवढं तरी वाचा.

बॅचमधली एक ओळ बिघडली म्हणून सगळं काम अडू नये, एवढं मान्य. मग ब्लॉक लूपच्या आत, त्या ओळीपुरता ठेवा आणि युनिक व्हायोलेशनसारखी (एकदाच चालणारी किंमत पुन्हा टाकली की येणारी) अपेक्षित एरर नावानिशी पकडा. अदर्स लागलंच तर गेट स्टॅक्ड डायग्नोस्टिक्स या कमांडने एसक्यूएलस्टेट (एररचा कोड), मेसेज आणि कॉन्टेक्स्ट (एरर कुठे आली ते) काढा, रेझ वॉर्निंगने लॉगमध्ये टाका आणि शेवटी नुसतं ‘रेझ’ लिहून एरर वर जाऊ द्या. टेबलमध्ये नोंद करून मग रेझ केलंत, तर नोंदही रोलबॅक होते.

डीबग करता येत नाही? कॉन्टेक्स्टमध्ये फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये ‘\एसएफ+’ आणि फंक्शनचं नाव दिलं की कोड त्याच क्रमांकांसह दिसतो. पीजीॲडमिन या खिडक्यावाल्या टूलमधून एकेक ओळ चालवायची तर सर्व्हरवर पीएलडीबगर हे एक्स्टेन्शन टाकावं लागतं, बस.

क्रिएट करताना तपासला जातो तो मुख्यतः सिंटॅक्स. टेबल, कॉलम खरंच आहेत का, ते ती ओळ चालल्यावरच कळतं. आधी हवं असेल तर पीएलपीजीएसक्यूएल चेक हे एक्स्टेन्शन आहे. क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवणाऱ्या सिलेक्ट इंटूला स्ट्रिक्टही लावा, नाहीतर ओळ सापडली नाही तरी व्हेरिएबलमध्ये गुपचूप नल येतो. आणि खाली तो अदर्स तसाच ठेवलात, तर स्ट्रिक्टने दिलेली एररही तोच गिळणार.