पाइप बाहेरून कोरडा होता, तरी का बदलला?

नमस्कार मिस्तरी,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस एवढं सविस्तर लिहितो ते कळकळीनंच, म्हणून मीही मोकळेपणानं उत्तर देतो.

मागच्या लेखात मी, लाइनमध्ये हवा शिरते म्हणून, आमच्या १९७४ च्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरची टाकीपासून पंपापर्यंतची सगळी डिझेल लाइन बदलल्याचं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की या गाडीची टाकी इंजिनाच्या वर असते, डिझेल आपल्या वजनानं खाली येतं, पाइप कुठं गळत नव्हता, मग हवा शिरणार कुठून? टाकीच्या कॉकची जाळी साफ केली असती तर भागलं असतं. मी मूळचे पाइप उगाच फेकले आणि लेख वाचून चार शेतकरी भलत्या खर्चात पडतील. शिवाय तांब्याचे वायसर फेकून द्या म्हटलं ते चूक, आणि प्रेशर पाइपाबद्दल एक महत्त्वाची सूचना राहून गेली.

शेवटच्या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत, त्यांच्यावर खाली येतो. आधी हवेचं.

जाळी मी सगळ्यात आधी साफ केली होती. रोटाव्हेटर लावला की वीस-पंचवीस मिनिटांत गाडी गचके खायची, धूर पांढरा व्हायचा आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. हे लक्षण जाळीचंच, हे मलाही ठाऊक होतं. कॉक काढला, जाळीवर शेवाळासारखा थर होता, तो रॉकेलनं धुतला. दोन दिवस ट्रॉली ओढली, काही तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी रोटाव्हेटर जोडला आणि पुन्हा तेच.

मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आणि फिल्टर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली. इंजिन हळू चालत होतं तेव्हा डिझेल स्वच्छ. थ्रॉटल ओढला तसे मोहरीएवढे बुडबुडे आले, आणखी ओढला तर त्यांची माळच लागली. हे डोळ्यांनी पाहिल्यावर शंका उरली नाही. हवा कुठं अडते ते बघायला एकेका जोडावर घट्ट ग्रीस थापत गेलो. फीड पंपाच्या तोंडाच्या नटावर ग्रीस लावलं तेव्हा बुडबुडे थोडे कमी झाले. इंजिनाच्या ब्लॉकला पाइप धरणारी पत्र्याची क्लिप आहे, तिच्याभोवती लावलं तेव्हा जवळजवळ थांबले. क्लिप काढली. खाली पाइप घासून चपटा झालेला, गंजलेला आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. भोकावर तेलकट काळी माती घट्ट बसलेली. थेंब कधीच पडला नाही म्हणून मी पाइप कोरडा समजत होतो. प्रत्यक्षात ती ओलसर मातीच गळतीची खूण होती.

तुमचं गणित उभ्या गाडीला लागू पडतं. टाकी वर असली तरी फीड पंपापर्यंतची उंची धरा अर्धा मीटर. एवढ्या डिझेलचा दाब होतो जेमतेम ०.०४ बार. फीड पंपाचा पडदा प्रत्येक झटक्याला यापेक्षा कितीतरी जोरात ओढतो. वाटेत अरुंद कॉक, जाळी आणि वाकणं आहेत. डिझेलची मागणी वाढली की त्यांच्या पुढच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. मग त्याच भोकातून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. म्हणूनच ट्रॉलीला गाडी बरी चालायची आणि रोटाव्हेटरला मरायची.

आता सगळी लाइन का बदलली? एक भोक झाळून भागलं असतं, हे खरं. पण उरलेला पाइप त्याच वयाचा, त्याच पाण्यानं गंजलेला. आणि जोड उघडल्यावर आत जे सापडलं त्यानं माझा निर्णय झाला. फिल्टरकडच्या जोडाला कुणीतरी आधी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, तिचा एक धागा बँजो बोल्टच्या, म्हणजे ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टच्या, भोकात अडकला होता. ऑलिव्हचा (नटाखाली पाइपावर बसणाऱ्या धातूच्या कड्याचा) जोड आट्यांवर सील होत नाही. ऑलिव्ह आणि तिची बसायची जागा एकमेकांवर दाबल्या जातात तेव्हा तो सील होतो. तिथं टेपचा काडीचाही उपयोग नसतो, सुटलेला धागा मात्र थेट पंपाच्या वाटेला लागतो. मधे एक पाण्याच्या लाइनचा गॅल्वनाइज्ड निप्पल होता. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी प्रक्रिया होते आणि साबणासारखा चिकट गाळ तयार होऊन फिल्टर चोंदतो. निप्पलजवळचा रबरी तुकडा दाबला तर कडाकडा वाजला. पेट्रोल पंपावर २०२० पासून बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक फार कमी आणि त्याची घडणही जुन्या डिझेलपेक्षा वेगळी. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेलं रबर नव्या डिझेलमध्ये आकसतं आणि जोड सैल पडतात. चाळीस वर्षं काही झालं नाही म्हणून पुढंही होणार नाही, असं म्हणता येत नाही.

खर्चाचं सांगतो. अडीच सुती स्टीलचा पाइप, ऑलिव्ह, नट, वायसर, डिझेलचा रबरी होज आणि क्लिपा मिळून ११४० रुपये. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे ते दाबानं पाठवणारा माझ्या गाडीचा पंप रोटरी आहे. त्याला वेगळं ऑइल नाही, आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि त्या भागांमधली फट काही मायक्रॉनची. हवेचे बुडबुडे आत गेले की तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. असा पंप उघडायला नेला की बिल किती होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कुणाची गाडी नीट चालत असेल तर त्यानं माझं वाचून पाइप बदलू नयेत, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. आधी पारदर्शक नळी टाकून बघावं, बुडबुडे दिसले तरच पाने हातात घ्यावेत.

मूळचे पाइप मी फेकलेले नाहीत. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर आहे, त्याचा नटसुद्धा भंगारात जात नाही. जुने पाइप साचा म्हणून समोर ठेवूनच नवे वाकवले, आणि आता ते गोठ्यातल्या खिळ्याला टांगलेत. तुम्ही सुचवलेला तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, पण इंजिनाच्या थरथरीनं तांबं कडक होत जातं आणि नटाच्या मानेला तडकतं. शिवाय तांब्याच्या सहवासात डिझेल लवकर चिकट होतं. म्हणून स्टीलच घेतलं.

आता माझ्या चुका. तांब्याचा वायसर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो आणि नव्यासारखा बसतो, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. त्यावर खोल चर पडलेला नसावा आणि बारीक पॉलिश पेपरवर घासून तो सपाट करून घ्यावा, एवढंच जोडतो. ‘फेकून द्या’ हे वाक्य मी लेखातून काढतो आहे.

प्रेशर पाइपाचं तर मी आधीच लिहायला हवं होतं. पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड पाइपांत दाब शंभर बारच्या कितीतरी वर जातो. तिथून निघणारी बारीक फवार कातडीतून आत घुसते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडू शकतं. तेव्हा ती गळती हातानं कधीच चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची. आणि फवार लागलीच तर थांबायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. ते पाइप घरी वाकवायचेही नाहीत, कारण लांबी किंवा आतला व्यास बदलला की नोझलला डिझेल पोचण्याची वेळ बदलते. मी त्यांना हात लावला नव्हता, पण लेखात तसं लिहिलं नव्हतं, आणि वाचणाऱ्याला ते कळायचं कसं?

ही सूचना आज लेखाच्या अगदी वर ठळक अक्षरांत टाकतो आहे. एक विचारायचं आहे. एअर काढताना मी फिल्टर, मग पंपाचे दोन स्क्रू आणि शेवटी नोझलचे नट अशा क्रमानं जातो, तरी पंपाच्या वरच्या स्क्रूपाशी हवा अडून राहते. तुम्ही तिथं काय करता, ते जमलं तर सविस्तर लिहा.