घाम गाळायचा तर कोकणातच

मुंबईत राहणाऱ्या माणसाने मे महिन्याची सुटी समुद्रकिनारीच घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक कुटुंबात थंड हवेच्या ठिकाणाचा आग्रह धरणारे एखादे माणूस असतेच; त्याला वेळीच गप्प करावे. डोंगरावरची हवा त्या मानाने कोरडी असते, तिथे आलेला घाम वाळून जातो, आणि वर्षभर लोकलच्या दाराशी लोंबकळून दमट हवेत मुरलेल्या आपल्या कातडीला असा एकाएकी धक्का देणे प्रकृतीला मानवणारे नसते. ज्या हवेत आपण अकरा महिने नाइलाजाने राहतो, त्याच हवेत बारावा महिना पैसे मोजून राहावे, म्हणजे शरीराला बदल जाणवत नाही आणि खिशाला मात्र तो पुरेपूर जाणवतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. ते रोज सायंकाळी ऊन उतरले की खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन दादर चौपाटीवर जाऊन बसतात आणि दिवेलागणीला परत येतात. समुद्र तोच आहे, वाराही तोच आहे, मग दोन जिल्हे ओलांडून तो पाहायला जायचे कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. अशा माणसांच्या नादी लागू नये. त्यांचा समुद्र फुकटचा आहे, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठवता येत नाही.

आता तारीख ठरवण्याविषयी. आखणीला फेब्रुवारीत सुरुवात करावी आणि प्रत्यक्ष निर्णय एप्रिलच्या अखेरीस घ्यावा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे मेच्या मध्याला निघायचे तर मार्चच्या मध्याला सकाळी आठच्या ठोक्याला संगणकापुढे बसणे भाग आहे. पण त्या सुमारास मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, मेव्हण्यांची रजा मंजूर झालेली नसते आणि साडूंनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर 'बघू या, कळवतो' एवढेच लिहून ठेवलेले असते. तेव्हा त्या सकाळी शांतपणे झोपावे. उठल्यावर कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्यांची प्रतीक्षा यादी कुठवर गेली आहे ते पाहावे, आणि आपल्याआधी ज्यांनी जागा घेतल्या त्या चाकरमान्यांविषयी मनात राग धरू नये. ते बिचारे समुद्र पाहायला जात नसतात. आंबे उतरवायचे असतात, पावसाच्या आधी घरावरची कौले चाळायची असतात, भावकीतले एखादे लग्न असते. कामासाठी जाणाऱ्या माणसाला बसायला जागा मिळावी आणि मौजेसाठी जाणाऱ्याने उभे राहावे, यात एक प्रकारचा न्यायच आहे.

जितके उशिरा जाल तितके उत्तम. मेचा शेवटचा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तोवर निकाल लागलेले असतात, आंबा थोडा उतरलेला असतो आणि अरबी समुद्राच्या मनात काय आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला आणि अनेकांच्या सुटीचे एकाच भाड्यात दोन ऋतू झाले. वादळाचे ज्यांना विशेष आकर्षण आहे त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्या वाड्या पुन्हा उभ्या करायला किती वर्षे लागतात, हा प्रश्न मुक्कामाच्या घरी यजमानांना अवश्य विचारावा. नाश्त्याला उशीर होत असेल तर वेळ बरा जातो.

आरक्षण न मिळाल्यामुळे आपण मोटारीनेच जाणार आहात, असे मी धरून चालतो. पहाटे चारला निघावे. गर्दी टाळण्याची ही युक्ती मुंबईत सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे पळस्पे फाट्यापर्यंत ओळखीची बरीच मंडळी भेटतात. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूने जाणे अधिक चांगले, कारण जवळजवळ २२ किलोमीटरचा तो पूल ओलांडताना जो वेळ वाचतो तो पुढे माणगावच्या अलीकडे उभे राहण्यासाठी उपयोगी पडतो. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी जन्मलेली मुले आता मागच्या आसनावर बसून 'अजून किती?' असे विचारतात, आणि हा प्रश्न अंतराविषयी आहे की कामाविषयी, हे आई-वडिलांना ठरवता येत नाही. अलिबागकडे जाणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट आहे. ती तासाभरात पोहोचवते, आणि म्हणूनच मी तिची शिफारस करत नाही. तासाभरात पोहोचलेल्या माणसाकडे परत आल्यावर सांगण्यासारखे काहीही नसते.

मुक्कामी पोहोचल्यावर पहिला अनुभव हवेचा येतो आणि तो ओळखीचा असतो. भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश तापमानाची अट घालतो. किनाऱ्याला मात्र, तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढले असेल तर, ३७ अंशांतच उत्तीर्ण करतो. या तीन अंशांच्या सवलतीचे कारण आपल्या पाठीवरून वाहत असते. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होते. आणि हवेत आधीच पाण्याची वाफ इतकी भरलेली असते की आपल्या घामाला जायला जागा उरत नाही. नागपूरचा माणूस पंचेचाळीस अंशांत वाळ्याच्या कूलरसमोर बसून रस पिऊ शकतो. तोच कूलर गुहागरच्या पडवीत लावला तर तो दमट हवेत आणखी दमटपणा सोडतो आणि घामोळ्यांची पावडर डब्यातच भिजते. (नागपूरचे पाहुणे सोबत असतील तर त्यांच्या 'हे तर काहीच नाही' या वाक्याला पहिल्या दिवशी विरोध करू नये. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बोलेनासे होतात.)

किनाऱ्यावर जाण्याची वेळ भर दुपारचीच निवडावी. या दिवसांत सूर्य आपल्या अक्षांशांवर बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि रत्नागिरीत त्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी काही क्षण उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखालीच नाहीशी होते. सुटीवर आलेल्या माणसाला आपली सावलीही सोडून जाते, हा अनुभव घेण्यासारखा आहे. वाळू त्या वेळी इतकी तापलेली असते की सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंतचे अंतर धावतच कापावे लागते, आणि वर्षभर व्यायाम न केलेल्या गृहस्थांना या वेगाने धावताना पाहून त्यांच्या सौभाग्यवतींना वाटणारे समाधान मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. पाण्यात उतरून गारवा मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मेमध्ये अरबी समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास असते. आपल्या गीझरला इतकी माफक आणि इतकी विस्तृत कामगिरी कधी जमलेली नाही.

पोशाखाविषयी एकच सूचना आहे. समुद्रात जीन्स घालून उतरावे. मराठी कुटुंबवत्सल पुरुषाची ही जुनी परंपरा आहे आणि ती सोडण्याचे काही कारण नाही. ओली जीन्स त्या हवेत तीन दिवस वाळत नाही, चौथ्या दिवशी तिला वास येऊ लागतो आणि पाचव्या दिवशी ती मोटारीच्या डिकीतून मुंबईस परत येते. मुक्काम तीनच दिवसांचा असला तरी या हिशेबात फरक पडत नाही.

किनाऱ्यावरून परत आल्यावर अंगाची वाळू धुण्यासाठी भरपूर पाणी वापरावे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो असे आपण शाळेत शिकलेले असतो, त्यामुळे पाण्याची चिंता करण्याचे कारण दिसत नाही. तो पाऊस जांभ्या दगडातून झिरपून आणि डोंगरउतारांवरून वाहून समुद्रास मिळतो, मेमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो आणि अनेक वाड्यांवर टँकर फिरतात, ही माहिती आपल्याला न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून मिळते. तो कागद शॉवर घेऊन झाल्यावर वाचावा. नंतर घरच्या काकू विहिरीत डोकावून काही न बोलता आत गेल्या, तर तो आपल्यावरचा राग आहे असे मानू नये. त्या रोजच डोकावतात, आपण आल्यापासून थोड्या जास्त वेळा.

विजेचेही असेच आहे. वातानुकूलित खोलीसाठी आपण जादा पैसे भरलेले असतात, आणि खोलीत ते यंत्र बसवलेलेही असते.

"काकू, एसी कधी सुरू होईल?"

"अहो, लाइट आली की."

"आणि लाइट कधी येईल?"

"कालपासून डीपी उडालाय. वायरमन येतो म्हणालाय. तुम्ही असं करा, ओटीवर झोपा. आम्ही तिथेच झोपतो."

या संवादातला शेवटचा सल्ला मनावर घेऊ नये. जांभ्याच्या भिंती, उंच कौलारू छप्पर आणि समोर मोकळी ओटी ही रचना त्या हवेचा विचार करूनच पिढ्यान् पिढ्या झालेली आहे, हे खरे. पण आपण पत्र्याच्या छपराची सिमेंटची स्वतंत्र 'कॉटेज' घेतलेली असते आणि तिचे पैसे वसूल होणे महत्त्वाचे असते.

जेवणात मासे हवेतच. मे सरत आला की समुद्राला जोर येऊ लागतो, होड्या एकेक करून वर ओढल्या जातात, आणि १ जूनपासून तर यांत्रिक मासेमारीला बंदीच असते. तरीही पर्यटकाने ताज्या सुरमईचा आग्रह सोडू नये. मागणी इतकी आणि आवक इतकी कमी असताना आपल्या ताटातली तुकडी बर्फात बसून भाऊच्या धक्क्यावरून, कदाचित आपल्यामागोमागच, त्याच माणगावच्या कोंडीतून आली असण्याची शक्यता असते. तसे असेल तर तिच्याविषयी आपुलकी वाटली पाहिजे. बांगडा स्वस्त आणि चवदार आहे, असे यजमान सुचवतील. तो आपण घरी खातो, असे सांगून विषय संपवावा.

सर्वांत मोठी मौज मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, ती म्हणजे मोटार थेट वाळूवर नेण्याची. कोकणातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला भरतीची वेळ बोटांवर काढता येते. तिथीची पाऊणपट केली की झाले: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्याच्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा अधिक आत जाते आणि नेहमीपेक्षा अधिक वर येते. ही विद्या आपल्याला येत नाही आणि ती शिकण्याची वेळही ही नव्हे. आपण पौर्णिमेच्या सायंकाळी साडेपाचच्या सुमारास तिथे पोहोचावे. पाणी दूर गेलेले असते, ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते, पूर्वेला चंद्र उगवण्याच्या बेतात असतो आणि एवढी मोकळी जागा मुंबईत कोणी कधी पाहिलेली नसते. मोटार पाण्याच्या कडेशी आडवी लावावी. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेले एखादे आजोबा "अहो साहेब, वर घ्या गाडी" असे ओरडतील. त्यांना हात हलवून प्रतिसाद द्यावा. छायाचित्रे काढावीत, घोडागाडीतून फेरी मारावी, मग कांदाभजी खायला दूर टपरीपर्यंत चालत जावे. परत येईपर्यंत पुढची दोन चाके वाळूत निम्मी गेलेली असतात, आणि सुटण्यासाठी जोर लावावा तितकी ती खाली जातात. पाणी सावकाश येईल ही समजूतही चुकीची असते. भरतीच्या मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने चढते.

अशा वेळी आरडाओरडा करू नये. ज्या आजोबांना आपण हात हलवला होता तेच वाडीत जाऊन ट्रॅक्टर असलेल्या माणसाला उठवतात, दहा-बारा मुले दोर घेऊन येतात, आणि पाणी दारापर्यंत पोहोचण्याच्या सुमारास मोटार एकदाची वर येते. कोणी काही बोलत नाही. दर विचारला तर ट्रॅक्टरवाले म्हणतात, "द्या काय द्यायचं ते." कोकणातले सगळ्यात महाग वाक्य ते हेच.

परतीच्या वाटेवर आंबे घ्यावेत. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु महामार्गाच्या कडेला पेटीवर 'देवगड' असे लिहायला मानांकन लागत नाही, खडू पुरतो. कोणत्या राज्यातून आला हे आंब्याला विचारू नये. ज्यांच्या वाडीत आपण तीन दिवस राहिलो त्यांच्याच झाडाचा आंबा घ्यायचे लक्षात आले नाही, ही गोष्ट साधारणतः पेणजवळ लक्षात येते.

घरी रविवारी रात्री पोहोचावे, म्हणजे सोमवारी सकाळी लोकलमध्ये उभे राहिल्यावर हवेत कसलाही फरक वाटत नाही आणि सुटी अजून चालूच आहे असा भास आठवडाभर टिकतो. कोणी विचारले तर "तिकडची हवा काही वेगळीच" असे ठामपणे सांगावे. फक्त जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका दारापाशी चप्पल झटकत उभे असतील, तर खाली मान घालून वर निघून जावे. त्या चपलांमधून वाळू पडत असते.