नळाला रकाना नाही

लातुरात कागदाला तोटा नाही. वह्या, रजिस्टरं, लाँगबुकं, ओएमआरच्या सरावपत्रिका, झेरॉक्सचे रीम, सगळं ढिगानं मिळतं. निम्म्या महाराष्ट्रातली पोरं इथं डॉक्टर व्हायला येऊन बसल्यावर कागद खपणारच. मला मात्र वेगळा कागद पाहिजे होता. दिवसाची आखणी करता येईल, बाजूला कवितेच्या चार ओळी खरडता येतील, जमलंच तर एखादं चित्रही काढता येईल, असा बांधीव प्लॅनर. तो मागितला की दुकानदार आधी माझ्याकडं बघायचा आणि मग माझ्या पाठीमागं. मागं माझं पोरगं उभं असणार, असा त्याचा अंदाज.

"काय शोधायलाव, मॅडम?"

"प्लॅनर."

"हाय की. नीटचा का जेईईचा?"

नीटच्या प्लॅनरवर स्टेथोस्कोप. आत प्रत्येक पानावर 'टार्गेट ७२०', भौतिक, रसायन, जीवशास्त्र असे तीन उभे रकाने, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास, आणि खाली एक छापील प्रश्न: आज किती वेळ वाया गेला? हा प्रश्न मला घरात रोज तोंडी विचारला जातो, त्यासाठी पैसे मोजायची गरज नव्हती.

पोरासाठी नको, मलाच पाहिजे, असं सांगितलं की दुकानदाराचा सूर बदलायचा. मग डायरी घ्या. डायऱ्या जानेवारीत येतात, आता कुठून आणू. मागची एक शिल्लक आहे, निम्म्यात देतो, नुसती चार-पाच महिन्यांची पानं वाया जातील. मी शिकवते असं कळल्यावर एकानं टाचण वही पुढं केली. घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने. रविवारच्या माझ्या दिवसाचं उद्दिष्ट काय लिहावं आणि शैक्षणिक साधन म्हणून लाटणं चालेल का, हे ठरेना. ती परत केली.

त्याच दुकानातून एक हजेरीपत्रक मात्र घेतलं, आणि ती खरेदी मला आजही आवडते. रील बनवणाऱ्या मुली ज्याला हॅबिट ट्रॅकर म्हणतात आणि पट्टी-पेन घेऊन तासभर आखतात, तो आपल्याकडं कधीचा आयता छापून मिळतो. डावीकडं नावं, वर १ ते ३१. मी पटावर प्राणायाम, वाचन, लवकर झोपणे आणि साखर बंद अशी चार नावं घातली. वाचन अधूनमधून यायचं. साखर बंद फक्त चतुर्थीला हजर, तेही दुपारपर्यंत. प्राणायाम सलग इतका गैरहजर राहिला की शाळेच्या शिस्तीप्रमाणं त्याच्या पालकांना बोलवावं लागलं असतं. पण हजेरीपत्रकात कविता मावत नाही.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ. त्यातल्या एका रस्त्यावर आडतवाल्यांच्या चोपड्या ठेवणारं जुनं दुकान आहे. लाल कापडी बांधणी, गुंडाळायला दोरी, आत कोरी पानं, आणि रकाने रेघांचे नव्हे तर घड्यांचे. पान दुमडून उघडलं की घडीच्या खुणेवर जमा-नावे लिहायचं. उघडून ठेवली की चोपडी सपाट पडते, आपण मिटेपर्यंत मिटत नाही. परदेशी प्लॅनरवाले याच गुणाचे 'ले-फ्लॅट' म्हणून जादा पैसे लावतात. मी खुशीत येऊन दोन काढा म्हटलं. म्हातारबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कशाची आडत हाय तुमची?"

"आडत नाही. कविता लिहायच्यात."

त्यांनी चोपडी हळूच आपल्याकडं ओढून घेतली. लक्ष्मीपूजनाला पुजायची वस्तू, कुणाच्याही हातात कशी द्यायची?

यात माझं शाईपेन. बॉलपेननं लिहिणाऱ्यांना जगात कुठंही थारा मिळतो, शाईपेनवाल्याला प्रत्येक कागदाची परीक्षा घ्यावी लागते. शाई फुटते का? पाठीमागं उमटते का? दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "जाड हाय, मॅडम, काही होत नाही." पण जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. ते वजन बघून शाई थांबत नसते. जपानात तोमोए रिव्हर नावाचा कागद निघाला, ५२ जीएसएमचा, म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या ७०-७५ जीएसएमपेक्षाही पातळ. होबोनिची नावाच्या तिकडच्या प्लॅनरचं त्याच कागदावर नाव झालं, कारण शाईपेननं लिहिलं तरी शाई फुटत नाही. सगळी करामत कागदाला दिलेल्या खळीची. हे मी एका दुकानात समजावून सांगितलं आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक रेघ मारून बघू का म्हणून विचारलं.

"मारा की. पण मग घ्यावं लागंल."

शेवटी ऑनलाइन मागवला. १४८ गुणिले २१० मिलिमीटर, शंभर जीएसएम, पाच मिलिमीटरवर ठिपके, तारखा आपल्या आपण घालायच्या, जाड पुठ्ठ्यावर मऊ गादीचं कव्हर. घरात आल्या आल्या मुलानं बबलरॅप फोडायला घेतलं आणि सासूबाईंनी प्लॅनर.

पहिल्याच पानावर आठ ग्लासांची चित्रं. दिवसभरात एक ग्लास पाणी प्यालं की एक ग्लास निळा रंगवायचा.

"आन् नळाचं कुठं लिव्हायचं?"

नळाला रकाना नव्हता. मागंपुढं सगळं चाळलं, मूड होता, झोप होती, स्वप्नं होती, पण नळ नव्हता. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला कुणीतरी विचारत होतं की आज तू किती ग्लास पाणी पिलीस! आमच्याकडं पाण्याचं लिहायचं म्हणजे मागचा नळ कधी आला, किती वेळ होता, प्रेशर कसं होतं, वरची टाकी भरली का, आणि पुढचा कधी येईल याबद्दल गल्लीत काय बोललं जातंय. 'आजची तीन महत्त्वाची कामं' या चौकटीत मी नळाच्या दिवशी खरं तेच लिहिलं: एक, नळ. दोन, मोटार. तीन, मोटार चालू असताना लाइट न जाणे.

या सगळ्या प्लॅनरांचं दुखणं हेच. त्यांना वाटतं, दिवस तारखेवर चालतो. इथं तो अटीवर चालतो. आमचे सासरे, अण्णा, परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी वापरतात. तिच्यात वाण आहेत, खतं आहेत, फवारण्या आहेत. पण विद्यापीठाचे लोक पेरणीची तारीख देऊन मोकळे होत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, म्हणतात. पडला तर पेर, नाही तर बस. माझ्या रेशमी फितीच्या प्लॅनरला एवढी समज नाही. तो म्हणतो, सोमवारी सकाळी सहाला उठून ध्येय लिहा.

आणि येळवस? वेळ अमावास्येला आख्खं लातूर रानात असतं. कडब्याची कोप, पूजा, आंबील, भज्जी, उंडे, आणि शहरातले रस्ते ओस. मार्गशीर्षातल्या या अमावास्येची तारीख ठरलेली नाही. २०२३ या इंग्रजी वर्षात ती आलीच नाही, आणि २०२४ मध्ये दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. वार्षिक उद्दिष्टांच्या पानावर हिला बसवून दाखवा, मग मला शिस्त शिकवा.

सर्जनशीलतेचंही थोडक्यात सांगते. पानाच्या कोपऱ्यात जलरंगानं गुलाब काढला. घरात तो फ्लॉवर म्हणून ओळखला गेला आणि संध्याकाळी भाजीही त्याचीच झाली.

तरीही मी नेटानं लिहीत होते. मग पुतण्याचं लग्न निघालं, गावाकडं. मुहूर्त टळत आला, आहेर घालायला माणसं उभी, आणि आहेराची वही कुणाकडंच नाही. दोघांनी एकमेकांवर भरवसा टाकला होता. माझी पर्स उघडीच होती. चुलतसासऱ्यांनी प्लॅनर काढला, पान अंगठ्यानं चोळलं आणि म्हणाले, "पक्की वही हाय. ह्याच्यातच मांडा." ज्या परीक्षेसाठी मी दुकानं पालथी घातली, ती त्यांनी अंगठ्यावर उरकली.

मांडायला बसलेला भावकीतला पोरगा बारावीचा, म्हणजे छापील रकाने रिकामे न सोडणारा. 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे' याखाली त्यानं मुरूडचे पाव्हणे, रोख १०१ लिहिलं. त्याखाली औशाचे, साडी-चोळी. मूडच्या चेहऱ्यांचाही त्यानं उपयोग केला. रोख आली की हसरं तोंड, भांडं आलं की सरळ रेघेचं, आणि टॉवेल-टोपीला रडकं. अक्षता पडेपर्यंत चार महिन्यांची पानं संपली. पुढच्या सगळ्या आठवड्यांची कृतज्ञता आगाऊ भरून ठेवलेली.

आता या प्लॅनरला घरात जो मान आहे, तो मला नाही. तो कपाटात साड्यांच्या वर असतो. लग्नसराई लागली की फोन सुरू होतात. परवा निलंग्याचं निमंत्रण आलं आणि थोरल्या नणंदबाईंचा फोन.

"वैनी, ती गादीवाली वही काढा बरं. निलंग्याच्यांनी आपल्याला काय घातलं होतं?"

पान काढलं. घाईत पोरानं पुढं काहीच लिहिलं नव्हतं.

"काय घातलं ते लिहिलेलं नाही, वन्सं. पण तोंड रडकं काढलंय."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, "आपणबी टॉवेल-टोपीच नेऊ."